ग्रेटना नावाच्या गावाचा बुडालेला फुटबॉल क्लब, आणि आमच्या पोरांना भेटलेले एक शेठ

सातरस्ता

मंडळी, विषय फुटबॉलचा आहे पण क्रिकेटवाल्यांनी पण वाचा, कारण प्रश्न पैशाचा आहे.

आमच्या सोलापुरातल्या कॉलनीतल्या पोरांची टीम आहे. सोळा वर्षांखालची, १७ पोरं, शिकवायला रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, फुकट. गोलपोस्ट बांबूचे, जाळी नाही, त्यामुळं गोल झाला की बॉल थेट मागच्या नाल्यात, आणि ज्यानं गोल खाल्ला त्यानंच तो काढायचा असा नियम. गेल्या महिन्यात एका शेठजींनी (टॉवेलचा धंदा, नाव नको) पोरांची मॅच उभं राहून बघितली आणि म्हणाले सगळा खर्च माझा. बूट, कपडे, पुण्याचा कोच, बस. फक्त टीमला फर्मचं नाव लावायचं आणि प्रॅक्टिस त्यांच्या शेतावर करायची, तिथं ते ग्राउंड करून देणार. शेत शहरापासून २२ किलोमीटर. निम्मे पालक नाचायलेत, निम्मे गप्प आहेत. मी गप्पवाल्यांत.

गप्प का, तर पोरानं मला मोबाईलवर ग्रेटनाची गोष्ट दाखवली. स्कॉटलंडमधलं गाव, इंग्लंडच्या हद्दीला चिकटून, वस्ती ३,००० च्या आसपास, म्हणजे आपलं मंद्रूपसुद्धा याच्यापेक्षा मोठं. १९४६ चा क्लब. २००२ ला स्कॉटिश लीगमध्ये सगळ्यात खालच्या डिव्हिजनला घेतलं, मग ब्रूक्स माइल्सन नावाच्या उद्योगपतीनं पैसा ओतला आणि २००५, २००६, २००७ अशी लागोपाठ तीन वर्षं टीम एकेक पायरी वर, थेट स्कॉटलंडची प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये क्लब बंद. लिक्विडेशन. विषय संपला.

तर रविवारी पालकांची मीटिंग आहे. शेठना हो म्हणायचं का नाही? आणि ग्रेटना नेमकं कशानं बुडालं, पैशानं का पैसा संपल्यानं? कुणाला जास्त माहीत असेल तर लिहा.

कडक_भाकरी

हो म्हणा. टॉवेलवाले आहेत, हरलात तर तोंड पुसायची सोय झाली.

पूर्वभागातला

ग्रेटना म्हणजे ते पळून जाऊन लग्न करायचं गाव ना? ग्रेटना ग्रीन?

अनिवासी_सोलापूरकर

@पूर्वभागातला तेच, म्हणजे ग्रेटना ग्रीन ही शेजारची वस्ती, हाकेच्या अंतरावर. मी न्यूकॅसलला असतो, ग्लासगोला गाडीनं जाताना हे गाव वाटेतच लागतं. १७५४ पासून इंग्लंडमध्ये कायदा आला की २१ च्या आतल्या पोरापोरींना आईबापाच्या परवानगीशिवाय लग्न नाही. स्कॉटलंडमध्ये तशी अट नव्हती, दोन साक्षीदार उभे केले की झालं लग्न. मग इंग्लंडहून पळालेली जोडपी हद्द ओलांडली की पहिलं गाव जे लागेल तिथं उतरायची आणि लोहाराच्या दुकानात ऐरणीसमोर लग्न लावायची. आजही तिथं लग्नांची रांग असते, आता हौसेनं.

पूर्वभागातला

म्हणजे त्यांची आळंदी. आपल्याकडं लोहाराच्या जागी वकील.

शेंगाचटणी

आमच्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला, तिकडं ऐरणीसमोर. सोलापूर आणि ग्रेटना दोन्ही ठिकाणी लग्नाला अवजार लागतंयच.

सातरस्ता

अहो धागा फुटबॉलचा आहे.

लाईनमन_रिटायर्ड

धागाकर्त्याची माफी मागून अजून एक अवांतर. ग्रेटना हे नाव आम्हा रेल्वेवाल्यांना वेगळ्याच कारणानं माहीत. २२ मे १९१५, क्विंटिन्सहिल, ग्रेटनाच्या जवळच. ब्रिटनमधला आजवरचा सगळ्यात मोठा रेल्वे अपघात, २०० च्या वर माणसं गेली, बहुतेक युद्धावर निघालेले सैनिक. लोकल गाडी मेन लाईनवर उभी करून ठेवली होती आणि ड्युटी बदलताना सिग्नलमन ती विसरले, खिडकीतून समोर दिसत असताना विसरले. लाईन अडलेली असली की लिव्हरला एक लोखंडी कॉलर अडकवायची असते, म्हणजे हात सवयीनं गेला तरी लिव्हर हलत नाही. ती अडकवली नव्हती. सैनिकांची गाडी लोकलवर आणि त्यावर पुन्हा एक एक्सप्रेस. मी ३४ वर्षं नोकरी केली, चार्ज देताघेताना गप्पा मारणारा माणूस बघितला की मला हेच आठवायचं.

असो. फुटबॉल चालू द्या.

अनिवासी_सोलापूरकर

काका, हे माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो.

आता क्लबबद्दल, लांबेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात गंमत म्हणजे हा स्कॉटिश क्लब कित्येक वर्षं इंग्लंडच्या लीगमध्ये खेळायचा. हद्दीवरचं गाव, कार्लाइल शहर १५ किलोमीटरवर, त्यामुळं सगळा व्यवहार तिकडंच. आपल्या अक्कलकोटच्या माणसाचा जसा आळंद-गुलबर्ग्याशी असतो तसा. १९९१ ला एफए कप या इंग्लंडच्या मोठ्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीपर्यंत गेले, रोचडेलशी बरोबरी करून रिप्लेमध्ये हरले. १९९३ ला परत गेले, बोल्टनशी ३-२ नं हरले. म्हणजे माइल्सन यायच्या आधी पण ही टीम अगदीच मातीतली नव्हती हे लक्षात घ्या.

२००२ ला एअरड्रिओनियन्स हा जुना क्लब कर्जात बुडाला, स्कॉटिश लीगमध्ये एक जागा रिकामी झाली, मतदान झालं, ती ग्रेटनाला मिळाली. दुसऱ्याच्या तेराव्यात यांचं बारसं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग माइल्सन. सुंदरलँडकडचा, लहानपणी पाठीचं हाड मोडलेला, त्यातून उठून क्रॉसकंट्री पळायला लागलेला, नंतर विम्याच्या धंद्यात पैसा केलेला. लांब केसांची शेंडी बांधून, हातात सिगारेट. घरी जखमी आणि टाकून दिलेल्या जनावरांचा गोठाच होता म्हणे. शेठ म्हटल्यावर डोळ्यासमोर जो सफारीवाला येतो तसला हा माणूस नव्हता. दुसऱ्या छोट्या क्लबांच्या चाहत्यांच्या संघटनांना पण पैसे द्यायचा.

२००४-०५ ला थर्ड डिव्हिजन जिंकली: ३६ मॅच, ९८ पॉइंट, १३० गोल. त्यांचा स्ट्रायकर केनी डॉयकर खरोखरचा डॉक्टर, दवाखाना सांभाळून खेळायचा, एका सीझनला सहा हॅटट्रिक. पुढच्या वर्षी सेकंड डिव्हिजनमधली (वरून तिसरी पायरी) ही टीम थेट स्कॉटिश कपच्या फायनलला, हॅम्पडेन पार्कवर, हार्ट्स नावाच्या मोठ्या क्लबसमोर. तिसऱ्या पायरीवरची टीम याआधी कधी फायनलला गेलीच नव्हती.

कडक_भाकरी

डॉक्टर स्ट्रायकर. म्हणजे जखमी करणारा तोच आणि पट्टी बांधणारा पण तोच, धंदा जोरात.

बॅकफूट_पंच

फायनल जिंकले होते ना ते? कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय.

अनिवासी_सोलापूरकर

नाही हो. १-१ झाली. हार्ट्सनं आधी गोल केला, ग्रेटनाच्या मॅकगफीची पेनल्टी कीपरनं अडवली पण परत आलेला बॉल त्यानंच आत मारला. शेवटी पेनल्टी शूटआउटला ४-२ नं हरले. टाउनस्लीची अडवली आणि गॅव्हिन स्केल्टनची क्रॉसबारवर आदळली. हे स्केल्टन नाव पण लक्षात ठेवा.

हरूनसुद्धा युरोपातल्या क्लबांच्या युएफा कपला गेले, कारण हार्ट्सला त्याच्याही वरच्या चॅम्पियन्स लीगची जागा होती. तिथं आयर्लंडच्या लीगमधल्या डेरी सिटीनं पहिल्या मॅचला १-५ धुतलं, दुसरी २-२.

रंकाळावाली

माहेर कोल्हापूर, सासर सोलापूर, म्हणून मला या धाग्यावर बोलायचा दुप्पट हक्क आहे 😄

सोलापूरकरांनो, तुमच्याकडं फुटबॉल का टिकत नाही ते सांगू? तुमच्याकडं टीम कुणाची तरी असते. आमच्याकडं टीम पेठेची असते. पाटाकडील तालीम, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तालीम, बालगोपाल. आधी तालीम, मग कुस्ती, मग गणपती, आणि मग त्याच पोरांनी फुटबॉल उचलला. माझे वडील आयुष्यात कधी बॉलला पाय लावले नाहीत पण शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीची मॅच असली की दुकान अर्धं शटर. हरल्यावर घरात आमटीला मीठ जास्त झालं तरी कुणी बोलायचं नाही. वर्गणी मागायला पोरं आली तर गणपतीची आणि फुटबॉलची वेगळी नसायचीच. असल्या टीमला बुडवायचं कसं? एक शेठ गेला तर पेठ कुठं जाते?

पूर्वभागातला

वहिनी, आणि त्या मॅचला मारामाऱ्या किती होतात ते पण लिहा की. का ते माहेरचं म्हणून झाकायचं?

रंकाळावाली

होतात. बंदोबस्त लागतो. लिहिलं, आता बरं वाटलं?

जुनीमिल_चाळ

ताई म्हणतात ते अर्धं पटतं. सोलापुरात टीम "कुणाची तरी" असायची कारण इथं सगळंच मिलचं असायचं. घर मिलचं, रेशन मिलचं, भोंगा मिलचा. जुनी मिल १८७७ ची. नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. माझे वडील लक्ष्मी-विष्णूला जॉबर (मुकादम) होते. चाळीतली पोरं खेळायची, हॉलीबॉल, कबड्डी, फुटबॉल, आणि शिफ्ट सुटल्यावर खात्यातली माणसं पण पायजमा दुमडून उतरायची. आमच्या खात्यातला एक तेलुगू रंगारी होता, त्याचे हात कोपरापर्यंत निळे, गोलकीपर. पांढऱ्या बॉलवर त्याची बोटं उमटायची. मॅच संपेपर्यंत बॉल आकाशी.

मिलचा भोंगा थांबला तसं ते पण थांबलं. कुणी ठराव करून बंद केलं नाही. एक दिवस संध्याकाळी माणसंच आली नाहीत.

म्हणून मला ग्रेटनापेक्षा फगवाडा आठवतं. जेसीटी, तिथली कापड मिल. मी टेक्स्टाइल लाईनचा, पंजाबात दोन वर्षं काढली. फगवाडा काही फार मोठं नाही, पण त्या मिलची टीम १९७१ पासून. इंदर सिंग तिथं खेळले. १९९६-९७ ला देशातली पहिली नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली ती कुणी जिंकली? मोहन बागान नाही, ईस्ट बंगाल नाही, जेसीटी. विजयन, भुतिया, जो पॉल अंचेरी एका टीममध्ये. भुतियाचे १४ गोल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि २०११ ला आय लीगमधून (त्याच लीगचं पुढचं रूप) खाली घसरले आणि मिलवाल्यांनी टीमच बंद केली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत महिंद्रा युनायटेड बंद, ते पण २००५-०६ चे चॅम्पियन. कंपनीची टीम म्हणजे कंपनीचा एक खर्च. मार्च एंडला कात्री लागतेच.

शेंगाचटणी

आकाशी बॉल 👌 असलं काहीतरी लिहीत जा काका, कुठं असता.

बॅकफूट_पंच

क्रिकेटचा माणूस म्हणून एवढंच सांगतो, पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले पण मोठे झाले मुंबईत. इथं राहून कुणी काही झालंय का? शेठ पोरांना पुण्याचा कोच देतायत आणि तुम्ही स्कॉटलंडचं रडगाणं गाताय. आणि वहिनी, कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तो पण पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत जाऊनच. पेठेत बसून नाही.

रंकाळावाली

पोरगं गेलं पुण्याला, बरोबर. अख्खी टीम उचलून नेली नव्हती.

अनिवासी_सोलापूरकर

वहिनींनी मुद्द्यावर बोट ठेवलं. धागाकर्त्यानं विचारलं होतं कशानं बुडालं, तर माझं मत ऐका.

२००७ ला शेवटच्या दिवशी रॉस काउंटीच्या मैदानावर इंज्युरी टाइममध्ये जेम्स ग्रेडीनं गोल मारला, ३-२, आणि एका पॉइंटनं प्रीमियर लीग. त्याच दिवशी बिचारी रॉस काउंटी खाली गेली. गावात काय झालं असेल कल्पना करा. पण प्रीमियर लीगचा नियम, स्टेडियमला ६,००० खुर्च्या पाहिजेत. ग्रेटनाचं रेडेल पार्क २,२०० माणसांचं, वस्तीत, घरांना लागून. वाढवायचे प्लॅन होते, वेळेत झालं नाही. मग होम मॅच कुठं? मदरवेल नावाच्या गावात, फर पार्कवर, भाड्यानं. अंतर १२० किलोमीटर. म्हणजे सोलापूरच्या टीमनं होम मॅच गुलबर्ग्याच्याही पुढं जाऊन खेळायची.

आता सांगा, ज्या गावात शनिवारी बायको म्हणते जा जरा मॅच बघून या म्हणजे मला घर आवरता येईल, त्या गावातला माणूस दर पंधरा दिवसांनी २४० किलोमीटर जाऊन-येऊन मॅच बघणार आहे का? इन्व्हरनेसविरुद्धच्या होम मॅचला ४३१ माणसं आली. चारशे एकतीस. प्रीमियर लीगच्या मॅचला.

त्यात माइल्सन आजारी पडला, पैसा थांबला. मार्च २००८ ला ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हातात, १० पॉइंट कापले, कामगारांना घरी पाठवलं, सीझन पूर्ण करायला लीगलाच पैसे पुढं करावे लागले. पैसा थांबला म्हणून मेले हे बरोबरच. पण पैसा थांबल्यावर धावून येणारं गाव तेव्हा १२० किलोमीटर लांब बसलं होतं.

बॅकफूट_पंच

हे जरा भावनिक झालं. ३,००० वस्तीचं गाव प्रीमियर लीगचे पगार काय वर्गणीतून देणार होतं? रेडेलवर खेळले असते तरी तेच झालं असतं. आणि माइल्सन नसता तर हॅम्पडेनची फायनल झाली असती का? त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आयुष्यात एकदा ते बघायला मिळालं, त्याची किंमत नाही का? सहा वर्षं राजासारखी जगून मेलेलं बरं का साठ वर्षं खालच्या लीगमध्ये चिखलात?

लाईनमन_रिटायर्ड

साठ वर्षं चिखलात. मी तर म्हणतो चिखलात खेळण्यासारखी मजा नाही.

जुनीमिल_चाळ

बॅकफूटराव, तुमचा पगाराचा हिशोब बरोबर आहे, मान्य. पण एक बघा. गड्ड्याला नंदीध्वज बघितलाय ना? तेवढी उंच काठी एका वेळी एकच जण पेलतो, कमरेला पट्टा बांधून. पण त्याच्या मागं बदली माणूस तयार असतो, त्याच्यामागं अजून एक, आणि दोन महिने आधीपासून सगळ्यांचा सराव चाललेला असतो. पेलणारा थकला तर काठी खाली येत नाही. माइल्सनच्या मागं कुणी पट्टा बांधून उभं होतं का? मला त्यांच्या श्रीमंतीचं काही नाही, मागं माणूस नव्हता याचं आहे.

कडक_भाकरी

होम मैदानाचा विषय निघालाच आहे तर, आपल्या सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा आला की महिनाभर फुटबॉल बंद, पाळणे उभे राहतात. फेब्रुवारीत खेळायला गेलं की पायाला खिळा नाहीतर भजीचा झारा. मी एकदा स्लाइडिंग टॅकल मारली आणि हातात बांगड्यांचं अख्खं डझन आलं. न फुटलेलं.

शेंगाचटणी

वहिनीला दिलं का?

कडक_भाकरी

तेव्हा वहिनी नव्हती. त्या बांगड्यांनीच झाली. पुढचं विचारू नका.

पूर्वभागातला

ग्रेटना ग्रीन 😂😂

सातरस्ता

😂 बरं पण शेवट काय झाला? स्केल्टनचं नाव लक्षात ठेवा म्हणाला होतात.

अनिवासी_सोलापूरकर

हां. १३ मे २००८, शेवटची मॅच, फर पार्कवर. टीम आधीच खाली गेलेली, अर्धे खेळाडू सोडून गेलेले, उरलेल्यात बरीच कोवळी पोरं. समोर कोण, तर हार्ट्स. तारीख बघा, हॅम्पडेनची फायनल पण १३ मेलाच होती, २००६ ची. दोन वर्षं झाली बरोबर त्या दिवशी. ग्रेटना १-० नं जिंकलं. गोल कुणाचा? गॅव्हिन स्केल्टन. ज्याची पेनल्टी क्रॉसबारवर आदळली होती तोच. क्लबचा शेवटचा गोल त्याच्या नावावर.

जूनमध्ये लीगचा राजीनामा, ऑगस्टमध्ये क्लब बंद, नोव्हेंबरमध्ये माइल्सन गेले, वय ६०. आणि ते दुसऱ्याच्या तेराव्यातलं बारसं म्हणालो होतो ना, ग्रेटनाची रिकामी जागा मिळाली शेजारच्याच ॲनन गावाच्या क्लबला, १३ किलोमीटरवर.

पण गोष्ट तिथं संपत नाही. त्याच वर्षी चाहत्यांनी मिळून नवीन क्लब काढला, नावच ग्रेटना एफसी २००८. मालक कुणी एक नाही, चाहत्यांची संघटना. सुरुवातीला खेळायला मैदान नाही, म्हणून त्याच ॲननमध्ये जाऊन खेळायचे. नंतर रेडेल पार्कवर परत आले. २०१३ पासून लोलँड लीग. मी एकदा वाट वाकडी करून गेलो होतो, मॅच नव्हती, गेटमधून आत डोकावलो. एक म्हातारबुवा गोलच्या समोरचं उखडलेलं गवत फावड्याच्या पाठीनं दाबत होते. मी विचारलं क्लबचे का, तर म्हणाले कुत्रा फिरवायला आलोय. कुत्रा सेंटर सर्कलमध्ये झोपलेला.

लाईनमन_रिटायर्ड

हा माणूस मला कळला.

बॅकफूट_पंच

ठीक आहे, हा गोल मी पण सेव्ह करू शकत नाही. पण सातरस्ता, भावनेच्या भरात पोरांचे बूट घालवू नका एवढंच. माझ्या लहानपणी कॅन्व्हासच्या बुटात खेळून अंगठ्याचं नख गेलं ते अजून सरळ आलेलं नाही.

रंकाळावाली

बूट घ्या, नाव देऊ नका, ग्राउंड सोडू नका. शेठना म्हणावं शर्टाच्या पाठीवर फर्मचं नाव लावतो, पुढं कॉलनीचं.

पूर्वभागातला

आणि शेतावर हुरडा पार्टी ठेवा म्हणावं. २२ किलोमीटर हुरड्याला जास्त नाही.

सातरस्ता

मीटिंग झाली. वृत्तांत देतो.

सुरुवातीला एकच गोंधळ. एक पालक म्हणायलेत पुण्याचा कोच म्हणजे पोरांचं करिअर, दुसरे म्हणायलेत दहावीचं वर्ष आहे, २२ किलोमीटर जाऊन येऊन अभ्यास कधी. मी ग्रेटनाचं सांगायला सुरुवात केली तर एका काकूंनी विचारलं हे कुठल्या तालुक्यात. मग मी स्कॉटलंड सोडलं आणि फक्त ४३१ चा आकडा आणि गुलबर्ग्याचं उदाहरण दिलं, ते लगेच पोचलं.

शेठ स्वतः आले होते. खरं सांगू, माणूस वाईट नाही. रंकाळावाली ताईंचा फॉर्म्युला मी शब्दाला शब्द मांडला, पाठीवर तुमचं, पुढं आमचं, ग्राउंड इथंच. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले मी पण मिलच्या चाळीतला आहे, तिथं आम्ही खेळायचो, शेतावर ग्राउंड करायचं म्हणजे ते सगळं परत बघायला मिळेल असं वाटलं होतं. हे ऐकून आम्हीच ओशाळलो. शेवटी बूट आणि कपडे शेठकडून, एका वर्षापुरते, आणि बाकी दर घरामागं महिना १०० रुपये. वही माझ्याकडं दिली आहे. पुण्याचा कोच नाही. आमचे रेल्वेवाले काका म्हणाले मी काय मेलो का.

बॅकफूट_पंच

"एका वर्षापुरते" हे कुणाच्या डोक्यातून आलं?

सातरस्ता

शेठच्याच. म्हणाले पुढच्या वर्षी मी असेन नसेन, धंद्याचं काय सांगता येतंय.

जुनीमिल_चाळ

शेठ कुठल्या खात्यातल्या घरचे विचारा. रंगखातं असेल तर निळ्या हाताच्या गोलकीपरला ओळखत असतील.

सातरस्ता

विचारतो काका. एक राहिलं, जाळीचं कुणी बोललंच नाही. बॉल अजून नाल्यातच जातोय.

पूर्वभागातला

जाळी माझ्याकडं लागली. आमच्या लूमवर वेस्ट सूत ढिगानं पडतंय, शेजारच्या मावशी गाठी मारून देतील, त्यांचा हात असा चालतो की बघतच राहाल.

लाईनमन_रिटायर्ड

सुताची नको. एका पावसात कुजेल. नायलॉनची दोरी घ्या, गाठी मावशींनाच मारू द्या.

पूर्वभागातला

बरं, नायलॉन. मापं पाठवा. दोन बांबूंमध्ये अंतर किती आहे?

सातरस्ता

बारा पावलं.

पूर्वभागातला

कुणाची?